खोतीचं विधेयक

हे विधेयक कधीच कायदा झालं नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये ते सभागृहापुढे आलं. मांडणारे होते बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. त्यानंतर दोन वर्षं ते ताटकळत राहिलं. १९३९च्या अखेरीस मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, विधानसभेचं काम थांबलं आणि त्याचंही आयुष्य संपलं. चरित्र म्हणून सांगायचं तर एवढंच. पण मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण या पट्ट्यातल्या कुठल्याही कुळाच्या जमिनीची हकिकत सांगू लागलं, की या न झालेल्या कायद्यापाशी थांबावंच लागतं. संमत झालेल्या कित्येक कायद्यांना जे वजन मिळत नाही ते याला मिळालं. म्हणून एखाद्या माणसाची करून द्यावी तशी त्याची ओळख करून द्यावीशी वाटते.

दिसायला ते किरकोळ होतं. कायद्याच्या मसुद्यांना असतो तसा पसारा त्याला नव्हता. बोलणं थोडं आणि नेमकं. सगळ्या कलमांचा अर्क काढला तर त्याचं मागणं तीन गोष्टींचं होतं. खोती पद्धत बंद करा. जमीन ज्याच्या प्रत्यक्ष कब्जात आहे त्याला जमीन महसूल कायद्याप्रमाणे कब्जेदार माना, म्हणजे तो आपला सारा थेट सरकारात भरेल. आणि ज्या खोतांचे हक्क जातील त्यांना वाजवी भरपाई द्या. सोबत जोडलेल्या उद्देशांच्या निवेदनाचा सूरही वकिली शिस्तीतलाच होता, पण तिथे राग लपवलेला नव्हता. सरकारचा सारा भरायला खोत बांधलेला आहे, कुळाशी कसं वागायचं याला मात्र कसलंच बंधन नाही, आणि या मोकळिकीचा इतका गैरवापर झाला आहे की कुळं गुलामीच्या पायरीला आली आहेत, हे त्यात साफ लिहिलेलं होतं.

त्यातल्या भरपाईच्या मागणीवर मी पुष्कळ विचार केला आहे. पिढ्यान् पिढ्या वेठीला धरणाऱ्याला उलट पैसे का द्यायचे, असं कुणाच्याही मनात येईल. मला वाटतं, इथे मसुदा लिहिणाऱ्याचा पेशा बोलतो. खोताचा हक्क अन्यायाचा असला तरी कायद्याच्या वहीत तो हक्क म्हणून लिहिलेला होता. तो फुकट काढून घेतला असता तर पहिल्याच दाव्यात सगळं अडकलं असतं आणि कुळाच्या आणखी दोन पिढ्या तारखांत गेल्या असत्या. समोरचा वकील उद्या काय म्हणणार हे या विधेयकाला आधीच ठाऊक होतं आणि त्याचं उत्तर ते पोटात घेऊनच आलं होतं. आवाज न चढवता हटून बसणं, हा त्याचा स्वभाव.

ज्या गोष्टीशी त्याचं वैर होतं ती मंडणगडात उभं राहून पाहिली तर नीट कळते. रत्नागिरी जिल्ह्याचं हे उत्तरेचं टोक. वरच्या अंगाला सावित्री, तिच्या मुखाशी बाणकोट, आणि आत डोंगरच डोंगर. सपाट जमीन थोडी. ओढ्या-वहाळांच्या कडेला भाताची खाचरं, आणि चढणीवर वरकस जमीन, तीत नाचणी आणि वरी. पाऊस धो धो पडतो, पण चार महिन्यांत निघून जातो. अशा मुलखात शेतकऱ्याच्या हातात आधीच कमी येतं, आणि त्या कमीतून पहिला वाटा खोताचा.

खोत म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनदार. विजापूरच्या आदिलशाहीपासून कोकणात ही वतनं चालत आली. मराठ्यांच्या राज्यात ती टिकली, आणि इंग्रजांनी देशावर रयतवारी आणली तरी इथे खोत तसाच ठेवला. सरकारला किती द्यायचं ते ठरलेलं, कुळाकडून किती घ्यायचं ते खोताच्या मर्जीवर. त्या दोन आकड्यांमधलं अंतर हीच खोताची मिळकत. सर्वसाधारणपणे भाताचा अर्धा वाटा आणि वरकस पिकाचा तिसरा वाटा खोताकडे जायचा. अर्धेल आणि तिर्धेल हे त्या हिशेबाचे शब्द. पीक उभं असतानाच खोत किंवा त्याचा माणूस बांधावर यायचा आणि अंदाज बांधायचा, त्याला अभावणी म्हणत. अंदाज त्याचा, मापही त्याचं. वर वेठ होती. खोताच्या शेतावर, खोताच्या घरी बिनमोल राबायचं, आठ दिवसांतला एक दिवस त्यासाठी गेलाच म्हणून समजायचं. पेरणीच्या ऐन घाईत आपलं खाचर तसंच टाकून दुसऱ्याच्या चिखलात उतरायचं म्हणजे काय, हे कोकणातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. इथे एक दिवस चुकला की हंगाम हातचा जातो.

खोत एकाच जातीचे नव्हते. ब्राह्मण होते, मराठे होते, खाडीपट्ट्यात मुसलमानही होते. कुळं कुणबी, महार, भंडारी. महाराच्या गळ्यात दोन फास होते: एक खोतीचा आणि दुसरा त्याच्या स्वतःच्याच वतनाचा, कारण त्या वतनाच्या नावाखाली गावकीची आणि सरकारची कामं त्यानं रात्री-अपरात्री करायची असत. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे सकपाळांचं गाव. मालोजी सकपाळ फौजेत गेले, त्यांचे चिरंजीव रामजी सुभेदार झाले, आणि रामजींचा सर्वांत धाकटा मुलगा १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मला. पेन्शन घेतल्यावर रामजी काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले. पुढे त्या मुलाचं लग्न झालं तेही दापोलीजवळच्या वणंदच्या रमाबाईंशी. म्हणजे विधेयक मांडणाऱ्याची मुळं खोतीच्याच मातीत होती, जरी तो स्वतः त्या मातीत वाढला नव्हता.

आता या विधेयकाच्या जन्माआधीचं सांगायला हवं, कारण त्याच्या विरुद्ध बाजूची माणसं लहान नव्हती. १८८० साली सरकारनं खोती सेटलमेंटचा कायदा केला. धारेकरी कोण, कायम कूळ कोण, साधं कूळ कोण, अशी प्रतवारी त्यानं लावली. खोताला मात्र त्यानं कायद्याचं आसन दिलं. दापोलीजवळच्या मुरूडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक नामांकित वकील होते, हिंदू कायद्यावरचे अधिकारी ग्रंथकार होते, १८७४ पासून मुंबईच्या कायदेमंडळात होते, आणि घराणं खोताचं. लोकमान्य टिळकांचं चिखलगावचं घराणंही खोतीतलं. टिळक कायद्याचे पदवीधर, काही वर्षं कायदेमंडळाचे सभासद, आणि खोतीच्या कायद्यात सरकार बदल करू लागलं तेव्हा ‘केसरी’तून त्यांनी खोतांची बाजू हिरिरीनं मांडली. या दोघांचं मोठेपण मी कमी करत नाही. मराठी माणसावर त्यांचे उपकार आहेत. पण खोताच्या बाजूला कायदा जाणणारं, कायदेमंडळात बसणारं आणि वर्तमानपत्र चालवणारं माणूस कायम होतं, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. कुळाच्या बाजूला या तिन्हींपैकी काहीच नव्हतं. १९३७ साली त्या सभागृहात जे घडलं त्याचं मोल यातून कळतं.

विधेयक लिहिणारा हात कसा तयार झाला, तेही पाहू. १९१३ साली आंबेडकर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तीन वर्षं तिथे अर्थशास्त्र शिकले, सेलिग्मनसारख्या सार्वजनिक अर्थकारणाच्या पंडिताच्या हाताखाली. तिथे त्यांनी उचललेला विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेचा, म्हणजे सरकारचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे याचा. या हिशेबात शेतसारा फार मोठा होता. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतीवर एक निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, जमिनीवरची जादा माणसं उद्योगात गेली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे लंडनला ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. अमेरिकेत वकिलीतून कायदेमंडळात जाणं ही मळलेली वाट आहे, लिंकनपासून कितीतरी माणसं तिनं गेली. इथे परळच्या चाळीत राहणाऱ्या आणि सॉलिसिटरांच्या ओळखी नसलेल्या एका अस्पृश्य बॅरिस्टराला ती वाट स्वतःच पाडायची होती.

वकिली काही गडगंज चालली नाही. अशील गरीब, फी तुटपुंजी. जोडीला ते व्यापारी कायदा शिकवत, पुढे सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक आणि १९३५ पासून प्राचार्य झाले. पण त्यांनी घेतलेले खटले पाहिले की माणूस कळतो. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या बदनामीच्या खटल्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्या अपिलात ते उभे राहिले आणि आरोपी सुटले. १९२७ साली फिलिप स्प्रॅट या इंग्रज कम्युनिस्टावर राजद्रोहाचा खटला झाला, त्यातही त्यांनी बचाव केला आणि स्प्रॅट सुटला. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाबद्दल र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही कर्व्यांच्या बाजूनं तेच. ती बाजी हरली, कर्व्यांना दंड झाला. ज्यांच्याबरोबर दिसणंही लोक टाळत, अशांचं वकीलपत्र ते घेत.

पण या पेशाला एक मर्यादा आहे, आणि तिचा अनुभव त्यांनी मंडणगडच्या पलीकडच्याच काठावर घेतला. सावित्रीच्या वरच्या अंगाला महाड. १९२३च्या ऑगस्टात सीताराम केशव बोल्यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला होता. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी हजारोंसह चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. पुढे तळं खासगी आहे असं म्हणत स्पृश्य मंडळींनी दावा लावला, प्रतिवादींत खुद्द आंबेडकर. खालचं न्यायालय, अपील, मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला, तळं सर्वांचं. जवळजवळ दहा वर्षं. एका तळ्यासाठी.

या तारखेवर मी नेहमी अडखळतो. मार्चमध्ये एका तळ्याचा निकाल, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हे विधेयक. कोर्टात एकेक कूळ, एकेक खाचर, एकेक अभावणी घेऊन भांडत बसलं असतं तर किती शतकं लागली असती? वकील आपल्या अशिलाला एका दाव्यातून सोडवतो. तो दावा ज्या मुळावर उगवतो त्याला हात घालायचा तर सभागृहातच जावं लागतं. आंबेडकरांच्या आयुष्यातलं हे वळण या विधेयकाइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या कागदावर उमटलेलं मला तरी दिसत नाही.

सभागृह त्यांना नवं नव्हतं. १९२७ साली ते नामनियुक्त सभासद म्हणून मुंबई कायदेमंडळात आले. सारा, दारू, शिक्षण, विद्यापीठ, गिरणीतल्या बाळंतिणीची रजा, अशा विषयांवर बोलले. मार्च १९२८ मध्ये त्यांनी महार वतनात सुधारणा करणारं विधेयक आणलं. खोती विधेयकाचं ते थोरलं भावंड. समितीत त्याची इतकी काटछाट झाली की १९२९ साली आंबेडकरांनी ते स्वतःच मागे घेतलं. नियुक्त सभासदाच्या पाठीशी मतं नसतात, हा धडा त्यातून मिळाला. त्याच सुमारास, १९२९च्या एप्रिलात, चिपळूणला त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि खोतीचा प्रश्न चव्हाट्यावर आला.

१९३३ साली अलिबागजवळ चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी संप केला, खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत म्हणून. तो संप १९३९ पर्यंत टिकला. घरातलं धान्य संपलं, लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर लावला नाही. या विधेयकाच्या अंगात जो निग्रह आहे तो मसुदा लिहिणाऱ्याचा जितका, तितकाच चरीच्या आगरी-कुणब्यांचा.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्या फेब्रुवारीत निवडणूक झाली. १७ उमेदवार उभे केले होते, त्यांतले बहुतेक निवडून आले. अनंतराव चित्रे, श्यामराव परुळेकर यांच्यासारखी कोकणच्या शेतकऱ्यांत वावरणारी स्पृश्य समाजातली माणसंही त्यांत होती. सभागृह १७५ जणांचं. मूठभरच होते, पण या वेळी ते कुणाच्या मेहरबानीनं बसलेले नव्हते.

पावसाळी अधिवेशन पुण्याला भरायचं. सरकार पक्षाच्या पहिल्या बाकावर पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असंच म्हणत) बाळ गंगाधर खेर. खेरांचा जन्म रत्नागिरीचा, १८८८ सालचा, म्हणजे आंबेडकरांहून तीन वर्षांनी मोठे, आणि पेशानं सॉलिसिटर. सज्जन, अभ्यासू, गांधीवादी. समोरच्या बाकावर आंबडव्याचा बॅरिस्टर. रत्नागिरी जिल्ह्याशी नातं असलेले दोन कायदेपंडित समोरासमोर आणि मधे खोतीचं विधेयक, हे दृश्य माझ्या मनातून जात नाही. त्याच दिवशी आंबेडकरांनी महार वतनाचंही विधेयक पुन्हा आणलं, दोन्ही भावंडं बरोबर आली.

मग ते अडलं का? काँग्रेस खोतांच्या खिशात होती, असं एका वाक्यात उत्तर देणारे भेटतात. मला ते पुरेसं वाटत नाही. १९३६च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, तिथे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम ठरला होता. कूळ सुरक्षित झालं पाहिजे हे काँग्रेसलाही मान्य होतं. पण खासगी सभासदाच्या विधेयकाला सभागृहाचे दिवस मोजके मिळतात, सरकारनं वाट करून दिली तरच ते पुढे सरकतं. आणि विरोधी बाकावरच्या, तेही आंबेडकरांच्या, हातून खोती जावी हे सरकारला मानवणारं नव्हतं. सरकारला कुळांचा प्रश्न आपल्या गतीनं, आपल्या कायद्यानं हाताळायचा होता. गावोगावचे खोत काँग्रेसचे कार्यकर्तेही होते, हेही खरंच. यातल्या कुठल्या कारणाचं माप किती, ते आता भरता येत नाही. माझं मत एवढंच की खेरांसारख्या माणसानं त्या दिवशी हात पुढे केला असता, तर कुळांची बारा वर्षं वाचली असती. बारा वर्षं म्हणजे बारा अभावण्या.

सभागृहात वाट मिळेना तेव्हा विधेयक रस्त्यावर आलं. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आणि इतर जिल्ह्यांतून आलेले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. बोटीनं आलेले, चालत आलेले, अंगावर लंगोटी-कांबळं. आंबेडकर, चित्रे, परुळेकर, शिवाय इंदुलाल याज्ञिकांसारखे इतर पक्षांतले पुढारी त्यांच्याबरोबर होते. शिष्टमंडळ खेरांना भेटलं. खोती नष्ट करा, ही मागणी पुढेच होती. कुणबी आणि महार एकाच रांगेतून मुंबईच्या रस्त्यानं चालले, ही गोष्ट त्या काळाच्या कोकणात किती अवघड होती हे इथल्या जुन्या गावगाड्याची माहिती असलेल्यालाच कळेल. पाणवठा वेगळा, वाडी वेगळी, पण खोताचं माप दोघांना एकच होतं. विधेयकानं मिळवलेलं हे यश मी सगळ्यांत वर ठेवतो, जरी पुढे ती एकजूट टिकली नाही.

१९३९ साली महसूलमंत्री मोरारजी देसाई स्वतः चरीला गेले, कुळांची गाऱ्हाणी ऐकली, आणि त्यानंतर तो लांबलेला संप मिटला. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा कूळकायदा झाला. १ जानेवारी १९३८च्या आधी सलग सहा वर्षं जमीन कसणाऱ्याला संरक्षित कूळ मानायचं, असं त्यानं ठरवलं. सुरुवातीला तो काही जिल्ह्यांतच लागू झाला. खोती तशीच उभी राहिली. मग महायुद्ध आलं, देशाला न विचारता युद्धात ओढल्याबद्दल काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली, आणि विधेयक संपलं.

त्याचा बाप मात्र थांबला नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री, मग घटना समिती, २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती, स्वतंत्र देशाचा पहिला कायदामंत्री. ही सगळी हकिकत मराठी वाचकाला पाठ आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. मुंबईत १९४६ साली खेरांचं सरकार पुन्हा आलं, महसूल खातं पुन्हा मोरारजींकडे. आणि त्याच दोघांच्या कारकिर्दीत १९४९चा मुंबई खोती निर्मूलन कायदा झाला. १५ मे १९५० पासून तो अमलात आला. त्या दिवशी आंबेडकर दिल्लीत कायदामंत्री होते. खोतांना दूर करायचं, कसणाऱ्याचं नातं थेट सरकारशी जोडायचं, हक्कांबद्दल मोबदला द्यायचा: सांगाडा ओळखीचाच. नव्या कायद्यात बारकावे पुष्कळ होते आणि कब्जेदार होण्यासाठी कुळांच्या काही वर्गांना रक्कम भरावी लागली. पण जे १९३७ साली ऐकून घ्यायला वेळ नव्हता, तेच १९५० साली सरकारचं धोरण झालं. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कूळकायद्यानं उरलेल्या अनेक कुळांना मालक केलं.

मंडणगडात आज सातबाऱ्यावर कुळांच्या नातवंडांची, पतवंडांची नावं आहेत. नावं पुष्कळ आणि जमीन चिमूटभर, एकेका उताऱ्यावर भाऊबंदांची लांबलचक यादी. त्यांतली अर्धीअधिक माणसं मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारी. १९१८च्या निबंधात आंबेडकरांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं ते असं समोर उभं आहे. खोत गेला, पण जमिनीवरचा भार उतरवणारे कारखाने या डोंगरांत आले नाहीत, माणसंच कारखान्यांकडे गेली. तालुक्याच्या गावी न्यायालयाची नवी इमारत झाली आहे. २०२५च्या ऑक्टोबरात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. पूर्वी ज्या कुळाला मामलेदार कचेरीच्या ओसरीवर बसायची भीती वाटायची, त्याचा नातू आता वकील होऊन तिथे उभा राहू शकतो.

विधेयकाचं गुणगान मी केलं, आता त्याची उणीव सांगतो. जमीन ज्याच्या कब्जात आहे त्याला त्यानं उचलून धरलं. पण ज्याच्या कब्जात काहीच नव्हतं, जो कुळाच्याही शेतावर रोजानं राबत होता, त्याच्यासाठी त्यात ओळ नव्हती. कोकणच्या महारवाड्यांत असे पुष्कळ होते. खोत गेल्यानं त्यांच्या पदरात जमीन पडणार नव्हती. त्यांचा मालक तेवढा बदलणार होता. एका विधेयकानं सगळं करावं अशी अपेक्षा धरणं चूक, हे मला कळतं. तरी हा माणूस त्या मसुद्याच्या बाहेर राहिला तो राहिलाच.

आंबेडकरांना ते दिसत नव्हतं असं म्हणता येणार नाही. १९४७ साली घटना समितीसाठी त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केलं. त्यात ते खोती विधेयकाच्या कितीतरी पुढे गेले. शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी, मूळ मालकांना रोख्यांच्या रूपानं भरपाई द्यावी, आणि गावातल्या कुटुंबांना जात-धर्म न पाहता ती सामुदायिक शेतीसाठी द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही वर्गच उरणार नाहीत, अशी ती मांडणी होती. ती घटनेतच लिहावी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बहुमताला ती पुसता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. घटना समितीनं ती घेतली नाही. आणि १९२८ सालापासून अडलेलं ते थोरलं भावंड, महार वतनाचं, ते १९५८च्या कायद्यानं निकालात निघालं. १९५९च्या ऑगस्टात तो कायदा अमलात आला. तेव्हा बाबासाहेबांना जाऊन पावणेतीन वर्षं होत आली होती.